सायकलचा कॅरियर घेताय? किलो नंतर बघा, आधी बोल्ट बघा

पावसाळा ओसरायला लागला की पुण्यात सायकलवाल्यांचे कोकणाचे प्लॅन सुरू होतात आणि त्यासोबत एक प्रश्न हमखास येतो, कॅरियर कुठला घेऊ, २५ किलोवाला पुरेल का ४० किलोवालाच घेऊ. आता प्रश्न साधाच आहे, पण मला मनापासून वाटतं की सुरुवातच उलट्या टोकाने होतेय. किलोचा आकडा शेवटी बघायचा असतो. आधी बघायचं ते तुमच्या फ्रेमला हा कॅरियर कुठे आणि कशाने बसणार, आणि बसल्यावर तो डावी-उजवीकडे किती हलणार. आजवर जेवढे मोडलेले कॅरियर मी हातात घेऊन बघितलेत त्यातला एकही सरळ वजनाने वाकून खाली बसलेला नव्हता. कुठेतरी बोल्ट ढिला झालेला, मग तो तुटलेला, मग सगळा भार दुसऱ्या बाजूवर आलेला, आणि मग वेल्डजवळ चीर. जवळपास प्रत्येक वेळी हाच क्रम.

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं सांगतो. ताम्हिणी उतरून विळ्याच्या अलीकडे त्याच्या मागच्या चाकातून टक टक आवाज यायला लागला. थांबून बघितलं तर उजव्या बाजूचा खालचा बोल्ट आत तुटलेला, डोकं कुठेतरी रस्त्यात पडलेलं आणि दांडा फ्रेमच्या भोकात तसाच अडकलेला, अगदी पृष्ठभागाच्या लेव्हलला, म्हणजे पकडीने धरायलाही काही शिल्लक नाही. सामान किती होतं? दोन पिशव्या मिळून बारा-तेरा किलो असेल. कॅरियरवर २५ छापलेलं. मग २५ चा कॅरियर १३ ला का गेला?

त्याचं कारण नीट समजून घेतलं की पुढची सगळी निवड सोपी होते. बहुतेक कॅरियर एम-५ बोल्टवर बसतात, म्हणजे ५ मिलीमीटर जाडीचा बोल्ट, ४ नंबरच्या अ‍ॅलन कीने फिरणारा. तो बोल्ट घट्ट असतो तेव्हा कॅरियरचा पाय आणि फ्रेम एकमेकांवर दाबून धरलेले असतात आणि भार त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर पेलला जातो, बोल्टला फक्त ताणून धरायचं काम. तो अर्धा फेरा जरी ढिला झाला तरी दाब जातो, पाय हलायला लागतो आणि प्रत्येक खड्ड्याला बोल्ट थोडा वाकतो, सरळ होतो, परत वाकतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर, त्यातून रंबलरचे पट्टे, पॅचवर्क, गतिरोधक, हे एका दिवसात हजारो वेळा होतं. लोखंडाची तार वाकवून वाकवून तोडतात ना, तसंच हे. वजन कमी असलं तरी तुटणारच, फक्त जरा उशिरा.

या सगळ्याचा सगळ्यात चांगला धडा मला दूधवाल्याच्या सायकलने दिला. जुनी २८ इंची काळी सायकल, दोन्ही बाजूंना किटल्या, वर अजून एखादं पोतं. एकेक किटली भरली की वीस किलोच्या पुढे. आणि ही माणसं वर्षानुवर्षं रोज पहाटे हेच नेतात. त्या कॅरियरकडे कधी खाली बसून बघा. त्याचे पाय फ्रेमच्या कुठल्या बारीक भोकात बसत नाहीत, थेट मागच्या एक्सलवर, चाकाच्या नटाखाली बसतात. म्हणजे भार फ्रेमच्या आयलेटमधून, म्हणजे त्या बारीक आट्यांच्या भोकातून, ५ मिलीमीटरच्या बोल्टवरून फिरून न जाता सरळ एक्सलवर आणि तिथून चाकात. किटल्या अडकवायच्या लोखंडी चौकटी सुद्धा जेवढ्या खाली नेता येतील तेवढ्या नेलेल्या असतात, त्यामुळे एवढं वजन असूनही सायकल लटपटत नाही. आणि चाक बघा, त्या सायकलला मागे ४० तारा आणि पुढे ३२ अशी जुनी इंग्रजी पद्धत आहे, कारण भार मागेच येणार हे बनवणाऱ्याने धरूनच ठेवलेलं. आज आपण हौसेने घेतो त्या हायब्रीडला मागे कित्येकदा २८ किंवा ३२ तारा असतात आणि आपण म्हणतो ४० किलोचा कॅरियर लावू. कॅरियर टिकेल हो, पण चाकाचा आऊट काढून काढून, म्हणजे तारा आवळून वाकडं झालेलं चाक सरळ करून करून, थकाल. तेव्हा कॅरियरवरचा आकडा बघायच्या आधी मागच्या चाकाच्या तारा मोजा, हे मी सगळ्यांना सांगतो.

तर आता तुमची सायकल. मागच्या एक्सलच्या जरा वर फ्रेमला आट्यांचं छोटं भोक आहे का बघा, दोन्ही बाजूंना. आणि सीटच्या खाली, जिथे मागच्या दोन बारीक नळ्या वर येऊन मिळतात, तिथे अजून दोन. ही चार भोकं असतील तर निम्मं काम झालं. खाली एकेकच भोक असेल आणि त्यावर मडगार्डही बसवायचं असेल तर एकाच बोल्टवर दोन्ही बसवायला लागतं, चालतं, पण कॅरियरचा पाय फ्रेमला चिकटून आणि मडगार्डची तार बाहेरच्या बाजूला, उलटं नाही. खूप दुकानांत उलटं बसवून देतात, म्हणून उभं राहून बघा.

भोकं अजिबात नसतील तर फ्रेमच्या नळीला बसणारे क्लॅम्प मिळतात, आतून रबर असलेले, हलक्या सामानाला ठीक आहेत. डबा, लॅपटॉप, रेनकोट. टूरला नाही. आणि फ्रेम कार्बनची असेल तर क्लॅम्पचा विचार पण करू नका, कार्बनची नळी बाहेरून आवळलेली तिला सोसत नाही. त्यापेक्षा सीटमागची मोठी पिशवी घ्या आणि सामान कमी करा.

डिस्क ब्रेकचं प्रकरण वेगळं लिहायला हवं कारण हल्ली बहुतेक नव्या सायकली डिस्कच्याच आहेत. काही फ्रेममध्ये ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणारा ठोकळा, मागच्या दोन नळ्यांच्या आत बसवलेला असतो, तिथे काही प्रॉब्लेम नाही, कुठलाही कॅरियर बसतो. पण जिथे कॅलिपर वरच्या नळीवर, बाहेरच्या अंगाला बसवलाय तिथे कॅरियरचा डावा पाय त्याच्यावर आपटतो. मग दुकानदार काय करतो, लांब बोल्ट घेतो, मध्ये एक इंचाचा पाइपचा तुकडा किंवा सात-आठ वायसर घालतो आणि पाय बाहेर काढतो. दिसायला बसलेलं दिसतं. पण वर सांगितलं ते आठवा, आता तो बोल्ट भिंतीतल्या खुंटीसारखा बाहेर आलाय आणि टोकावर सगळा भार. जेवढा बाहेर तेवढा वाकणार. अशा सायकलला डिस्कसाठीच बनवलेला कॅरियर घ्या, ज्याचा पाय मुळातच बाहेर वळवलेला असतो किंवा ज्याच्या खालच्या टोकाला रुंद ठोकळा असतो, आणि त्याची मागची बाजू फ्रेमला पूर्ण टेकते. पाचशे-सातशे रुपये जास्त गेले तर जाऊ देत. या एका गोष्टीवर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

यानंतर टाच. हे कुणी बघत नाही आणि घरी आल्यावर लक्षात येतं. बाजूला पॅनियर, म्हणजे कॅरियरला बाजूने लटकणारी पिशवी, लावली की पेडल मारताना टाच पिशवीला लागते. फ्रेमची मागची आडवी नळी, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर, टूरिंग सायकलला ४५ सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त असतं आणि रोड बाइकला ४१ च्या आसपास. चारच सेंटीमीटरचा फरक, पण पाय मोठा असेल, नऊ-दहा नंबरचा बूट, तर तेवढ्यातच सगळं येतं. म्हणून लहान फ्रेमला असा कॅरियर घ्या ज्याचा वरचा भाग पाठीमागे सरकवता येतो किंवा ज्याला पिशव्या अडकवायला वेगळा खालचा दांडा मागच्या बाजूला दिलेला असतो. दुकानात जाताना तुमची पिशवी सोबत न्या, आत जुने पेपर कोंबा, लावा, सीटवर बसून पेडल उलटं फिरवा. ऑनलाइन घेणार असाल तर पिशवीच्या मापाचा पुठ्ठा कापून मागच्या चाकाला चिकटवा आणि मग बघा टाच कुठे येते. पण फार मागेही नेऊ नका, वजन एक्सलच्या मागे गेलं की चढावर उभं राहून पेडल मारताना सायकलचं शेपूट वेगळं चालतं आणि तुम्ही वेगळे.

तो वेगळा खालचा दांडा मला स्वतःला फार आवडतो, दुसऱ्या कारणासाठी. पिशव्या खाली लटकतात त्यामुळे भार खाली राहतो, आणि वरच्या फळीवर तंबू किंवा मॅट बांधली तरी पिशव्या काढताना ती सोडायला लागत नाही. संध्याकाळी दिवेआगरला पोचल्यावर, घामाने चिंब, वरचे पट्टे न सोडता दोन्ही पिशव्या उचलून सरळ खोलीत जाता येणं ही काय सोय आहे ते एकदा अनुभवा.

आता धातू. अ‍ॅल्युमिनियम का स्टील. रोजच्या ऑफिसला, मंडईतून भाजी आणायला अ‍ॅल्युमिनियमचा चांगला कॅरियर वर्षानुवर्षं जातो, हलका असतो, गंजत नाही, दीड-दोन हजारात बरा मिळतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण अ‍ॅल्युमिनियमचा एक स्वभाव आहे, त्याला छोटे छोटे हादरे पण साठत जातात, भार कितीही कमी असला तरी फेऱ्या पुरेशा झाल्या की चीर येऊ शकते. स्टीलचं तसं नाही, एका मर्यादेच्या खालचे हादरे ते जवळजवळ कायम पचवतं. आणि दुसरी गोष्ट आपल्याकडे जास्त महत्त्वाची. स्टीलचा पाय तुटला तर गुहागर असो नाहीतर मालवण, एखादा फॅब्रिकेशनवाला शोधायचा, ग्रिलची कामं करणारा, तो टाका मारून देतो आणि तुम्ही पुढे निघता. अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, ते करणारा मोठ्या गावातच भेटणार आणि तोही बारीक नळीला हात लावताना दहा वेळा विचार करणार. म्हणून लांबच्या टूरसाठी मी स्टील सांगतो. जर्मनीत म्युन्स्टरची ट्युबस कंपनी क्रोमोली या मजबूत मिश्र स्टीलच्या पोकळ नळीचे कॅरियर बनवते, त्यांचा कार्गो नावाचा मॉडेल पाऊण किलोच्या आत आहे आणि मर्यादा ४० किलोची, जगभर फिरणारे लोक तो वापरतात. इथे मागवायचा तर दहा हजाराच्या पुढे तयारी ठेवा. मी तो भरपूर जवळून बघितलाय, वेल्ड इतके स्वच्छ आहेत की बोट फिरवलं तरी कळत नाही. पण वर्षातून एकदा कोकण करणाऱ्याला तो पाहिजेच असं अजिबात नाही.

कोकणात स्टीलला खारी हवा त्रास देते हे खरं. गंज सुरू होतो तो पिशवीचे हुक घासून रंग उडतो तिथून. त्या चार जागांवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा किंवा इलेक्ट्रिकची टेप, परत आल्यावर साध्या पाण्याने सायकल धुवा, झालं.

हुकांवरून आठवलं, पॅनियर आधीच घेतलेली असेल तर कॅरियरच्या दांड्याची जाडी मोजून घ्या. ऑर्टलिबसारख्या पिशव्यांचे हुक १६ मिलीमीटरपर्यंतच्या गोल दांड्याला बसतात आणि बारीक दांड्यांसाठी आत घालायच्या छोट्या चकत्या येतात. चकती न घालता बारीक दांड्याला तशीच अडकवली तर पिशवी दिवसभर खडखड करते आणि तेच हुक दांडा घासून काढतात. देशी कॅरियरला बरेचदा गोल दांड्याऐवजी चपटी पट्टी असते, तिथे हे हुक नीट बसतच नाहीत. तिथे घोड्याच्या खोगिरासारखी वरून टाकायची जोडपिशवी घ्या, ती छान बसते.

सीटच्या दांड्याला एकाच क्लॅम्पने लटकणारे कॅरियर येतात, पटकन लागणारे. साधारण ९-१० किलोची मर्यादा असते. लहान पिशवी वर ठेवायला बरे, बाजूला पॅनियर लावायला नाहीत, कारण खाली आधार नाही आणि ते वळतात. बास, याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

लहान मूल बसवायचं असेल तर मात्र जरा थांबा. मागच्या चाइल्ड सीट साधारण २२ किलोच्या मुलापर्यंत असतात, त्यात सीटचं स्वतःचं वजन मिळवा, म्हणजे २५ छापलेला कॅरियर तिथेच संपला. आणि आकडा जुळला तरी कॅरियरवर चाइल्ड सीट चालते असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. नसेल तर फ्रेमला वेगळी बसणारी सीट घ्या. इथे जुगाड नको.

आता तो किलोचा आकडा. कॅरियरसाठी आयएसओ ११२४३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात खालून-वरून आणि आडवे हादरे देऊन कॅरियर तपासतात आणि मग त्याच्यावर १०, १८, २५ असा वर्ग पडतो. हा नंबर कॅरियरवर छापलेला असेल तर आकड्यावर भरवसा ठेवायला जागा आहे. नुसतं मोठ्या अक्षरात ५० के.जी. आणि मानकाचं नावच नाही, तर मी तो आकडा धरतच नाही. शिवाय सायकलची स्वतःची मर्यादा असते, चालवणारा अधिक सामान मिळून, ती बहुतेक वेळा सायकलच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि तुमचं वजन ८५ असेल तर सामानाला फारसं उरत नाही. कॅरियर, चाक, फ्रेम यातला सगळ्यात लहान आकडा तो तुमचा आकडा.

दुकानात एक तपासणी नक्की करा, पैसे द्यायच्या आधी. कॅरियर सायकलला बसवून घ्या, एका हाताने सीट धरा आणि दुसऱ्या हाताने कॅरियरचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. वर-खाली दाबून काही कळत नाही, सगळेच कॅरियर ते सहन करतात. आडवं हलवल्यावर जो खिळखिळा वाटतो तो भरलेल्या पिशव्यांसकट वरंधा उतरताना हँडल थरथरवणार. एका बाजूला दोन पायांपेक्षा तीन पायांचा, किंवा तिरकी पट्टी मारलेला कॅरियर इथे लगेच वेगळा जाणवतो. आणि सीटकडे जाणाऱ्या पुढच्या दोन पट्ट्या जेवढ्या आखूड आणि सरळ तेवढं चांगलं, बसत नाही म्हणून त्या दोनदा मुरडलेल्या असतील तर तो कॅरियर तुमच्या सायकलचा नाही, परत ठेवा. अजून एक, लाँचवर चढवताना, टेम्पोत टाकताना लोक सायकल उचलतात ती हमखास मागून कॅरियरला धरूनच. तुम्ही कितीही ओरडा. तेव्हा तुमच्या सायकलला तसं एकदा उचलून बघा.

पुढचा कॅरियर लागतो का? दोन-चार दिवसांच्या कोकण फेरीला, जेवण-राहणं वाटेत मिळत असताना, नाही लागत. तंबू, स्टोव्ह, सगळं नेणार असाल तर लागतो, आणि मग पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना एक्सलच्या उंचीला पिशव्या टांगणारा लो-रायडर घ्या, पण त्याआधी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला त्यासाठी भोकं आहेत का बघा, सस्पेन्शन असेल तर बहुधा नसतात.

बोल्ट आणायला हार्डवेअरच्या दुकानात जा, कॅरियरसोबत आलेले कधी कधी फारच मऊ असतात. एम-५, डोक्यावर ८.८ लिहिलेले किंवा चांगले स्टेनलेस, लांबी एवढी की आटे भोकात पूर्ण बसतील आणि आत तारांकडे किंवा गिअरकडे डोकावणार नाहीत. उजव्या बाजूला ही काळजी जास्त, तिथे बोल्ट लांब झाला तर सगळ्यात लहान गिअरवर आल्यावर चेन घासते. आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायचा डिंक, एक थेंब. लाल नाही, ते नंतर सुटत नाही. भोकाचे आटे गेलेले असतील तर टॅप मारून, म्हणजे आटे परत पाडून घ्या, तसाच जोर लावून बोल्ट घालू नका. टूरला पहिल्या दिवशी पन्नासेक किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा चारही बोल्टना अ‍ॅलन की लावून बघा, नवा कॅरियर तेवढ्यात बसका होतो आणि अर्धा पाव फेरा फिरतोच. त्यानंतर रोज सकाळी हवा बघताना एकदा. टूल किटमध्ये तीन-चार जादा बोल्ट, दोन होज क्लिप (पाइपवर स्क्रूने आवळायच्या धातूच्या पट्ट्या) आणि जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या ठेवा, हुकवाल्या रबरी दोऱ्यांपेक्षा या पट्ट्या कितीतरी भरवशाच्या, सुटून तारांत गेल्या तरी चाक फोडत नाहीत. तो ताम्हिणीतला कॅरियर आम्ही होज क्लिपनेच नळीला आवळून, उजवीकडची पिशवी दुसऱ्याच्या सायकलवर टाकून माणगावपर्यंत आणला, आणि तिथे एका गॅरेजवाल्याने बारीक छिन्नीने टकटक करत अडकलेला तुकडा उलटा फिरवून बाहेर काढला, आट्यांना अजिबात धक्का न लावता.